बकुळाच्या पुढची दोन अक्षरं

१

"मावशी, माझं झबलं कुणीतरी बदललंय."

शनिवारी सकाळी नऊ वाजता फोनवर असं वाक्य ऐकू आलं, तेव्हा मी आधी चष्मा शोधला. फोनवर बोलायला चष्मा लागत नाही, हे नंतर लक्षात आलं.

"कुठलं झबलं? बेचाळीस वर्षांची घोडी झालीस तू," मी म्हटलं.

"भिंतीवरचं," ती म्हणाली आणि तिचा आवाज चिरकला. मग मी थट्टा आवरली आणि चपला घातल्या.

ही म्हणजे आमच्या दवाखान्याच्या बालविभागाची मोठी सिस्टर. मी त्याच दवाखान्याच्या धुलाईखान्यात अडतीस वर्षं काढली आणि गेल्या साली निवृत्त झाले. चादरी, गाऊन, लंगोट, डॉक्टरांचे कोट, सगळं माझ्या हाताखालून गेलं. माणसानं काय केलंय ते मला त्याच्या कपड्यावरून कळतं. आणि कळलेलं पोटात ठेवायची मला सवय नाही. त्यामुळे दवाखान्यात काही हरवलं की लोक आधी मला बोलावतात आणि मग बोलावलं म्हणून पस्तावतात.

झबल्याची गोष्ट सगळ्या दवाखान्याला पाठ होती. बेचाळीस वर्षांपूर्वी, दिवस भरायच्या आत जन्मलेली एक मुलगी दवाखान्याच्या पायरीवर सापडली. अंगात पांढरं झबलं आणि झबल्यावर लाल दोऱ्यानं भरलेलं नाव, बकुळा. आई जाताना तेवढं ठेवून गेली. मुलगी जगली, गावाच्या दुसऱ्या टोकाच्या बालगृहात वाढली, इथेच नर्स झाली आणि आता पंधरा जणींवर हुकूम सोडते. झबलं छोट्या चौकटीत काचेमागे बालविभागाच्या दाराशी टांगलेलं असतं. सिस्टर रोज कामावर आली की आधी त्याच्याकडे एक नजर टाकते आणि मग टोपी घालते. तिच्या हातून बरी होऊन गेलेल्या पोरांच्या आयांनी पुढच्या मुलींना तिचं नाव ठेवलंय. अशा चार छोट्या बकुळा गावात आहेत. लसीला आल्या की चौघी मिळून दवाखाना डोक्यावर घेतात.

मी पोहोचले तेव्हा सिस्टर चौकटीसमोर हाताची घडी घालून उभी होती.

"खांद्यावर डाग होता, मावशी. तपकिरी, शेंगदाण्याएवढा. मी तो छत्तीस वर्षं बघतेय. आज नाहीये."

"कुणी धुतलं असेल."

"व्यवस्थापक तेच म्हणाले. वर म्हणाले, सिस्टर, तुम्ही रजा घ्या." ती माझ्याकडे वळली. "सोमवारी नव्या इमारतीत प्रदर्शन लागतंय. त्यासाठी एक बाई येणार आहेत, जुन्या वस्तूंच्या जाणकार. सगळ्या चौकटी उघडून, वस्तू नीट मांडून, त्याखाली माहिती लिहिणार आहेत. त्यांना मी दाखवणार काय? हे एक सोडलं तर माझ्याकडे तिचं काहीच नाही."

ती म्हणजे आई. सिस्टर आईला कधी आई म्हणायची नाही, ती म्हणायची.

मी चौकट भिंतीवरून उतरवली आणि काचेला नाक लावलं. धुतलेलं सुती कापड कसं दिसतं ते मला कुणी शिकवायला नको. हे कापड धुतलेलं नव्हतं. ते आजवर एकदाही पाण्यात गेलेलं नव्हतं.

"तुझी रजा राहू दे," मी म्हटलं. "हे झबलं महिन्याभराचंसुद्धा नाही."

२

बालविभागाच्या कपाटखोलीत आम्ही दार लावून चौकट पालथी घातली.

मागच्या बाजूला तपकिरी कागद चिकटवलेला होता. कागद जुना, पण एका बाजूनं कापून परत चिकटवलेला. मी कडेला नखानं खरवडलं आणि जिभेला लावलं. सिस्टरनं तोंड वाकडं केलं.

"खळ आहे. शिजवलेली, घरगुती," मी म्हटलं. "गोंद नाही आणि चिकटपट्टीही नाही."

कागद काढला, खिळे सोडवले आणि झबलं बाहेर घेतलं. कोरं कापड होतं, अजून ताठ. शिवण हाताची होती आणि सुरेख होती. खालच्या दुमडीवर डाव्या बाजूला लाल दोऱ्यात नाव होतं. चौकटीत झबल्याची ती कड वर दुमडून नाव दिसेल असं बसवलेलं होतं, म्हणून इतकी वर्षं आम्हाला वाटायचं की नाव मधोमध आहे.

"तुझ्याकडे जुन्याचा फोटो आहे?"

असणारच. तिनं फोन पुढे केला. मी फोटोतलं नाव मोठं केलं आणि टेबलावरच्या नावाशेजारी धरलं. 'क'चा फुगा डावीकडे किंचित बसका, 'ळा'च्या कान्याखाली एक बारीक आडवा टाका. तोच बसका फुगा इथे आणि तोच आडवा टाका इथे. दुसऱ्याचं अक्षर बघून काढलं की हात जागोजागी थांबतो आणि दोरा थोडा ओढला जातो. इथे हात कुठेच थांबला नव्हता.

"सिस्टर, ज्या हातानं जुनं भरलं त्याच हातानं हे भरलंय," मी म्हटलं आणि म्हणता म्हणताच जीभ चावली.

ती स्टुलावर बसली.

"म्हणजे ती आहे," ती म्हणाली. "जिवंत आहे. इथे येऊन गेली."

"थांब जरा."

"मावशी, तुम्हीच म्हणालात, तोच हात."

हे असं होतं माझं. आधी बोलते, मग विचार करते. मी विषय बदलायला चौकटीचा पुठ्ठा उचलला. झबल्याभोवतीची ती खिडकी कापलेली पट्टी. तो मात्र जुनाच होता. पालथा करून उजेडात तिरपा धरला तेव्हा मला दिसलं ते असं: छत्तीस वर्षं दोऱ्याचे टाके त्या पुठ्ठ्यावर दाबून बसले होते आणि त्यांचा ठसा उमटला होता. खिडकीच्या काठाला 'ळा'चा काना अर्धा उमटलेला. त्याच्या पुढे, जिथे पुठ्ठ्यानं झबलं झाकलेलं होतं तिथे, आणखी काहीतरी होतं. दोन अक्षरं, वाचता न येणारी, पण नक्की दोन.

नव्या झबल्यावर नावापुढे काहीही नव्हतं.

मला लपवायला जमलं नाही. सिस्टर माझ्या खांद्यावरून बघतच होती.

"आडनाव," ती हळूच म्हणाली. "तिनं आडनावही लिहिलं होतं."

३

आता मला कोडं सोडवणं भाग होतं, आणि एक गोष्ट मनाला टोचत होती: ते नाव आईनं भरलेलं वाटत नव्हतं. ती सिस्टरला सांगायची माझी छाती होत नव्हती.

पहिलं म्हणजे दोरा. साधा लाल दोरा उकळत्या पाण्यात रंग सोडतो, आणि आजूबाजूचं सगळं गुलाबी होतं. फोटोतलं झबलं बऱ्याचदा उकळलेलं दिसत होतं, तरी गुलाबी छटा कुठेच नव्हती, म्हणजे दोरा पक्क्या रंगाचा. तसला दोरा त्या काळी बाजारात सहज मिळत नव्हता, दवाखान्याला मात्र पेटीनं यायचा.

दुसरं म्हणजे जागा. आई लेकराच्या कपड्यावर नाव घालते ते छातीवर, चारचौघांना दिसेल असं. खालच्या दुमडीवर डावीकडे नाव घालतो तो धुलाईखाना, कारण ढिगातून कपडा वेगळा काढताना अंगठा बरोबर तिथे पडतो. मी कामाला लागले तेव्हा शाईचे शिक्के आले होते, पण जुन्या चादरींवर दोऱ्याच्या खुणा अजून होत्या. त्या वाचायला मला भट्टीवालीनं शिकवलं.

भट्टीवाली म्हणजे माझी पहिली वरिष्ठ. कपडे उकळायची भट्टी ती सांभाळायची, म्हणून भट्टीवाली. अकरा वर्षं मी तिच्या हाताखाली होते आणि त्यातली निदान आठ तिला मनात शिव्या घालण्यात गेली. मळक्या कपड्यांची पिशवी आली की प्रत्येक चादर एकेक करून, दोन्ही हातांनी झटकायची. झटकल्याशिवाय भट्टीत काही जायचं नाही. शंभर चादरी असोत की तीनशे. एकदा मी पिशवी तशीच ओतायला गेले तर तिनं माझं मनगट असं धरलं की चार दिवस वळ होते. आणि दुसरं खूळ शनिवारचं. बालगृहाचे फ्रॉक आम्ही शुक्रवारीच इस्त्री करून ठेवायचो. पण शनिवारी सकाळी गाडी यायच्या आधी ही बाई त्यातला एक फ्रॉक काढून परत इस्त्री करायची. इस्त्री तिचं काम नव्हतं. मी विचारलं तर म्हणायची, "तू तुझं बघ." तिला जाऊन आता वीसेक वर्षं झाली.

आणि तिसरं, नाव. बेचाळीस वर्षांपूर्वी लोक मुलींची नावं कशी छोटी आणि नव्या वळणाची ठेवायचे. बकुळा हे नाव तेव्हाच कुणाच्यातरी आजीचं वाटायचं. बालगृहात पोरीला त्यावरून चिडवायचेदेखील. कुठली तरुण, घाबरलेली आई लेकीला असलं नाव ठेवेल? ते कुणातरी मोठ्या बाईचं नाव होतं.

व्यवस्थापकांकडे गेले. ते नव्या इमारतीच्या नकाशावर वाकले होते.

"मावशी, तुम्ही निवृत्त आहात," ते म्हणाले.

"माझं तोंड नाही झालेलं अजून. चौकटी भिंतीवरून कधी उतरवल्या होत्या?"

"गुरुवारी. पुसून घ्यायला सांगितलं होतं. सुतारानं उतरवल्या, शुक्रवारी परत लावल्या. आणि हे बघा, ते झबलं मीच स्वच्छ करून घ्या म्हणणार होतो, तो डाग बरा दिसत नाही. पण सिस्टरला घाबरतो मी. कोण नाही घाबरत?"

हे खरं वाटलं. हा माणूस नवीन पडद्यालासुद्धा सिस्टरची परवानगी मागतो.

सुतार मागच्या अंगणात एका कपाटाचं दार रंधत होता.

"अहो, मी चौकट उघडली असती तर मागं टेप मारला असता," तो म्हणाला. "खळ कोण शिजवत बसेल? पुसायलासुद्धा मी कंटाळतो."

"गुरुवारी उतरवलेल्या चौकटी रात्रभर कुठे होत्या?"

"शिवणखोलीत. तिथलं कापायचं टेबल सगळ्यात मोठं आहे ना. किल्ली शिवणबाईंकडेच. शुक्रवारी सकाळी त्यांनीच पुसून तयार ठेवल्या होत्या. म्हणाल्या, तुझ्या हातांना भुसा असतो."

सगळ्या चौकटी त्यांनी आपणहून पुसल्या. अठ्ठ्याहत्तर वर्षांची ती बाई, निवृत्त होऊन अठरा वर्षं झाली तरी रोज येते. तिच्याशिवाय बाळांचे कपडे कुणाला नीट शिवता येत नाहीत असं तिचं म्हणणं आहे आणि ते बरोबर आहे. खळही ती अजून घरीच शिजवून आणते.

मी लगेच शिवणखोलीकडे वळले नाही. तिचा हात असता तर तो मी ओळखायला नको होता का? पण तिच्या दोऱ्याच्या खुणा मी कामाला लागायच्या आधीच्या, मी पाहिल्या तेव्हा विरलेल्या, आणि नंतर तिनं एक अक्षरही कधी भरलं नव्हतं. शिवाय शिवणबाई चोरी करायची नाही. केली असेल तर कुणासाठी केली, हे आधी कळायला हवं होतं. म्हणून झबलं ज्यांनी चौकटीत घातलं त्यांच्याकडे गेले.

४

डॉक्टरसाहेब निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. सिस्टर त्यांना डॉक्टरकाका म्हणते. तिच्या शाळेचा पहिला दिवस, नर्सिंगचा निकाल, सगळ्याला तेच हजर असायचे.

त्यांनी मला आरामखुर्चीसमोर बसवलं. मी फिरवून विचारत नाही.

"साहेब, ते झबलं तिच्या आईचं नव्हतंच ना?"

त्यांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला.

"सहा वर्षांची होती," ते म्हणाले. "मला विचारलं, काका, माझं नाव कुणी ठेवलं? बाकीच्या मुलींना सगळं माहीत असतं. मी काय सांगणार होतो? सुचलं ते सांगून टाकलं. तुझ्या आईनं पायरीवर ठेवलं, अंगात हे झबलं होतं, नाव तिनं स्वतः भरलं. पोरगी इतकी खूश झाली की मग मला ते परत घेता येईना. झबलं शिवणबाईंकडे जपून ठेवलेलं होतं, ते मी चौकटीत बसवून घेतलं. सगळ्यांना बजावलं, जे बोललो तेच खरं धरायचं. तेव्हा माझं सगळे ऐकायचे."

"आणि पायरी?"

"पायरीवर नव्हती ती."

"मग कुठे?"

त्यांनी मान हलवली. "ते मी नाही सांगणार. शिवणबाईंना विचार. त्या सांगतील की नाही ते त्या ठरवतील. पण एवढं ऐक. त्या मुलीला मी वाचवलं असं लोक म्हणतात. मला त्याबद्दल फुलं मिळाली, शाल मिळाली. मी नाही वाचवलं. मी घरी होतो तेव्हा."

"मग कुणी?"

"तू तिला चांगली ओळखत होतीस," डॉक्टर म्हणाले.

५

शिवणबाईंच्या खोलीत खळीचा वास होता. त्या खिडकीजवळ बसून एका इवल्या टोपीला नाडी लावत होत्या. मला बघून हसल्या.

"मला वाटलं कालच येशील. मंदावलीस."

"बाई, डाग विसरलात तुम्ही."

"विसरले खरी. सुईकडे बघत बसले. डाग हे तुझं खातं." त्यांनी टोपी खाली ठेवली. "तिला फार लागलं का?"

"तिला वाटतंय की तिची आई जिवंत आहे. पुढच्या दोन अक्षरांत आडनाव होतं असं वाटतंय. सोमवारपासून ती आडनाव शोधत गावोगाव फिरेल, आणि ते आपल्या दोघींच्या मानेवर बसेल. कशाला केलंत हे?"

"सोमवारी ती बाई चौकट उघडणार होती. दुमड उलगडली की ती अक्षरं सगळ्यांसमोर आली असती. प्रदर्शनात, पाहुण्यांच्या देखत पोरीला कळलं असतं की आईनं भरलेलं काही नाहीच. म्हणून मी दुसरं शिवलं. नुसतं नाव असलेलं."

"ती दोन अक्षरं उसवून टाकली असती तरी चाललं असतं."

"भोकं राहिली असती, तू पकडलं असतंस," त्या म्हणाल्या. मग खण उघडत म्हणाल्या, "आणि खरं सांगू? तिचं तेवढंच कुठेतरी लिहिलेलं आहे. ते उसवायला माझा हात होईना."

त्यांनी खणातून मऊ कागदाची घडी काढून माझ्या हातात दिली. आत जुनं झबलं होतं, खांद्यावर औषधाचा तपकिरी डाग असलेलं. मी दुमड उलगडली.

बकुळा. आणि पुढे, त्याच लाल दोऱ्यात, दोन अक्षरं: भट्टी.

मला वाचायला वेळ लागला नाही. कपड्यावरची खूण कशी वाचायची ते मला तिनंच शिकवलं होतं. आधी माणूस, मग खातं. हा कपडा परत कुणाकडे जायचा तेवढंच त्यात लिहिलेलं असतं.

"भट्टीवाली," मी म्हटलं.

"तिचं नाव बकुळा होतं," शिवणबाई म्हणाल्या.

अकरा वर्षं. तिच्या डब्यातलं जेवले, तिचा मार खाल्ला, काम शिकले, त्यावर माझं घर चाललं. आणि मला तिचं नाव माहीत नव्हतं. कधी विचारलंच नव्हतं. मी कपड्यांच्या गठ्ठ्यावर बसले.

शिवणबाईंनी मग सगळं सांगितलं. मूल पायरीवर नव्हतं. वरच्या मजल्यावरून मळक्या चादरींची पिशवी खाली आली, त्यात होतं. आईला कुणी पाहिलं नाही, ती कोण ते कधीच कळलं नाही. भट्टी पेटलेली होती, पाणी उकळत होतं. भट्टीवालीनं पिशवी उचलली आणि तिला ती जरा जड वाटली. म्हणून तिनं ओतायच्या आधी वरची चादर झटकली.

"त्या दिवसापासून तिनं झटकल्याशिवाय एक फडकं भट्टीत जाऊ दिलं नाही," शिवणबाई म्हणाल्या.

माझं मनगट आपोआप दुसऱ्या हातात गेलं.

"मूल तळहाताएवढं. उबेची पेटी एकच होती आणि तिच्यात आधीच दोन बाळं. डॉक्टर सकाळी आले, त्यांनी बघितलं आणि म्हणाले, या इमारतीत सगळ्यात उबदार जागा भट्टीशेजारचीच आहे, इथेच राहू दे. एकोणीस दिवस तिनं ते मूल छातीशी बांधून भट्टी चालवली. मी झबलं शिवलं. खूण घालायची म्हणून विचारलं, हे कुणाचं लिहू? कपडा धुवायला गेला तर परत कुणाकडे यायचा? म्हणाली, माझ्याकडे. मी म्हटलं, अगं पण तुझं नाव काय? मलाही माहीत नव्हतं बघ. तेव्हा कळलं."

"मग मुलीचं नाव?"

"एकोणीस दिवसांनी मूल वर बालविभागात गेलं. तिथल्या नवीन नर्सला खुणा कुठे वाचता येतात? तिनं झबल्यावर बकुळा वाचलं आणि नोंदवहीत तेच मुलीचं नाव लिहिलं. मला कळलं तशी मी धावत भट्टीवर गेले. म्हटलं, चूक झाली, खोडायला सांगते. भट्टीवाली म्हणाली, राहू दे. माझं नाव कुणी घेतच नाही, तिला तरी होईल."

खाली अंगणात रंध्याचा आवाज चालू होता.

"आणि तिला ते कुणावरून?" मी विचारलं. आता विचारायचंच होतं.

"तिची आई बाळंतपणात अडली होती. दोन दिवस. एका सुईणीनं दोघींना सोडवलं. तिचं नाव बकुळा. आईनं मुलीला तेच ठेवलं. सुईणीला कुणावरून ते भट्टीवालीला ठाऊक नव्हतं." शिवणबाईंनी सुईत दोरा ओवला. "पिशवीचं नको सांगूस पोरीला. पायरीच राहू दे."

मी झबल्याची घडी घातली. "बाई, माझ्या पोटात काही राहत नाही हे तुम्हाला माहीत आहे."

६

तरी मी कपाटखोलीच्या दाराशी पाच मिनिटं उभी राहिले. पायरीवर ठेवून गेलेली आई हातानं नाव भरते. पिशवीत टाकून गेलेली आई काहीच ठेवत नाही. बेचाळीस वर्षं जपलेली आई मी त्या पोरीकडून काढून घेणार होते आणि बदल्यात माझ्याकडे एक मेलेली भट्टीवाली होती. पण नाव तिचं होतं. ते कुठून आलं हे तिला सोडून आम्हा सगळ्यांना माहीत असणं मला पटेना.

मी झबलं तिच्या मांडीवर ठेवलं आणि सगळं सांगितलं. पिशवीसकट. काही गाळलं नाही, काही गोड केलं नाही.

ती रडली. मी तिला रडू दिलं. मध्ये एक शिकाऊ नर्स आत डोकावली, तिला मी डोळ्यांनी हाकललं.

बऱ्याच वेळानं सिस्टरनं विचारलं, "तिला माझी आई कोण ते माहीत होतं?"

"नाही. कुणालाच नाही."

"आडनाव नाहीच मग." तिनं 'भट्टी'वरून बोट फिरवलं. "मी तिला बघितलंय. शनिवारी आम्ही मुली बालगृहाच्या गाडीतून कपडे न्यायला यायचो, तेव्हा ती गाडीत कपडे चढवायची. उंच होती. बोलायची नाही काही. माझा गठ्ठा तेवढा हातात द्यायची, बाकीच्यांचे गाडीत टाकायची."

"तीच."

"मावशी," ती म्हणाली आणि थांबली. "माझा फ्रॉक गरम असायचा."

"काय?"

"शनिवारी. हातात घेतला की गरम असायचा. थंडीत मी तो तसाच छातीशी धरून बसायचे गाडीत, घर येईपर्यंत. मला वाटायचं सगळ्यांचेच गरम असतात."

सगळ्यांचे शुक्रवारी इस्त्री केलेले असायचे. गार. मी स्वतः घड्या घालायचे. पण मला ते बोलता आलं नाही. मी नकारार्थी मान हलवली आणि तिला समजलं.

तिनं नाक पुसलं, टोपी सरळ केली आणि लगेच कामाला लागली. शिवणबाईंना कुणी एक शब्द बोलायचा नाही, असा हुकूम सोडला. सुताराला नवा पुठ्ठा कापायला सांगितला, खिडकी दुप्पट रुंद. प्रदर्शनवाल्या बाईंना फोन करून माहिती आताच लिहून घ्या म्हणाली. मी शेजारी बसून ऐकत होते.

"हं, लिहा. बकुळा. एक सुईण होती. तिनं जिला सोडवलं, तिच्या मुलीला हे नाव मिळालं. ती मुलगी या दवाखान्यात भट्टी सांभाळायची. तिनं मला वाचवलं, तिचं मला मिळालं. नाही, आई नाही. भट्टीवर होती ती. हो, दोन्ही शब्द दिसले पाहिजेत. आणि आता गावात चौघी आहेत, त्यांना सोमवारी बोलवायचंय, पुढच्या रांगेत. नाही हो, कुणीच कुणाच्या नात्यातलं नाही."

फोन ठेवून ती माझ्याकडे बघत बसली. मला वाटलं आता मिठी वगैरे मारते की काय, म्हणून मी पिशवी उचलली.

"मावशी."

"जाते गं मी. स्वयंपाक व्हायचाय."

"तुमचं नाव काय?"

मी उभीच राहिले. वॉर्डात एक बाळ रडत होतं आणि कुणीतरी त्याला उगी उगी करत होतं. अडतीस वर्षांत या इमारतीत मी आधी भट्टीवालीची पोरगी होते, मग मावशी. पगाराचा दिवस सोडला तर नाव कुणी विचारलं नव्हतं, आणि तेव्हाही आडनावावरच भागायचं.

मी सांगितलं. तिनं ते एकदा मोठ्यानं म्हणून बघितलं, नीट, अक्षर न चुकता. मग टेबलावरचं पेन घेतलं आणि आपल्या वहीत लिहून ठेवलं.